केडगावची जाग

पाटसपासून जवळच, दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी ‘मुक्ती मिशन’ उभारले आणि दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा दिला.

1905 साली या आश्रमात ‘रिव्हायव्हल’, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची नवी जाग, आली. वेल्समधील अशाच जागृतीची वार्ता रमाबाईंपर्यंत पोहोचली होती, आणि त्यांच्या आवाहनावरून प्रार्थनेला जमणाऱ्या बहुतांशी तरुण मुलीच होत्या.

ही जाग तरुण मुलींची होती, हे विशेष. त्या केवळ प्रार्थनेतच रमल्या नाहीत, तर ती जाग घेऊन गटागटाने आसपासच्या गावांत गेल्या.

पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक पाठांवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणले. त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, ते प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या छपाईचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळवले होते.