जुलाब किती, यापेक्षा बाळ कसं?



भिवंडीच्या वीटभट्टीवर कातकरी आईला आपण विचारतो, "जुलाब किती झाले?" आधी बाळाकडे पाहा. बाळ किरकिरं आहे, घटाघटा पाणी पितंय, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. ओआरएस पाजत दवाखान्यात न्या. बाळ मलूल, डोळे खोल, पाणी पिववत नाही, कातडी बसायला २ सेकंदांहून जास्त लागतात, तर ते गंभीर. लगेच १०८ला फोन करा. शौचात रक्त दिसलं, तर बहुधा जंतूंची हगवण. बाळ खेळत असलं तरी डॉक्टर हवेतच.

मजुरी बुडेल म्हणून आई थांबते. तिच्यासोबत दवाखान्यात आपल्यातलं कोण जाईल? प्रार्थनेबरोबर एवढंही करू या.