घरातला राउटर आणि वाटेत राहिलेली दुरुस्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



इंटरनेटवरून घरात काही फसगत झाली, की पहिला प्रश्न आपल्याकडे येतो : "तू कुठे काय दाबलेस?" दर वेळी आपणच काही दाबलेले असते असे नाही. आज ज्या दोषाची हकीकत मी सांगणार आहे, त्यात घरातल्या माणसाने काही चूक करण्याची गरजच नव्हती. राउटर चालू असला, की झाले!

कोपऱ्यात दिवे लुकलुकत असतात ती डबी म्हणजे राउटर. तो एक लहानसा संगणकच. त्याला चालवणारा प्रोग्राम, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो कारखान्यातच त्यात भरून येतो. पुष्कळ कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये रॉमपेजर नावाचा एक भाग घातलेला असे. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीच्या संशोधकांनी त्यातला एक दोष उजेडात आणला आणि त्याला 'मिसफॉर्च्युन कुकी' असे नाव दिले. इथे कुकी म्हणजे खुणेची चिठ्ठी. शिंपी कापड ठेवून घेताना आपल्या हाती देतो ना, तशी. पुढच्या खेपेला ती दाखवायची.

या चिठ्ठ्यांसाठी रॉमपेजरने दहा खण ठेवले होते, शून्य ते नऊ क्रमांकांचे, प्रत्येकात ४० अक्षरांपुरती जागा. चिठ्ठीवर जो क्रमांक, त्या खणात मजकूर जायचा. मात्र क्रमांक नवाच्या पुढचा तर नाही ना, हे तपासायचे राहून गेले. कुणी हजाराव्या खणाची चिठ्ठी धाडली, तरी यंत्र "असा खण नाही" असे म्हणत नसे. मुकाट्याने मोजत पुढे जाई आणि यंत्राच्या स्मरणातल्या भलत्याच जागी लिहून येई. अशी नेमकी चिठ्ठी लिहिणाऱ्याला हजारो मैलांवरून, पासवर्ड न देता, राउटरचा ताबा घेता येई. मग आपण बँकेचे नाव टाकावे आणि त्याने आपल्याला बनावट पानावर नेऊन सोडावे, हेही शक्य. असे राउटर १८९ देशांत मिळून निदान १ कोटी २० लाख आहेत, असे त्या संशोधकांना आढळले.

मला खरा संताप आला तो पुढचे कळल्यावर. रॉमपेजर तयार करणाऱ्या कंपनीने हा दोष २००५ सालीच दुरुस्त केला होता! नऊ वर्षे ती दुरुस्ती वाटेतच राहिली. चिप करणाऱ्याने जुनाच प्रोग्राम राउटर करणाऱ्याला दिला, त्याने तोच डबीत भरला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीने ती डबी घरोघरी बसवली. ज्याने त्याने आपले काम उरकले, आणि दुरुस्ती कुणाच्याच वाट्याला आली नाही.

पुष्कळ राउटरांत या दोषापर्यंत जाणारे दारही कंपन्यांच्याच सोयीचे होते. दुरून देखभाल करता यावी म्हणून ७५४७ क्रमांकाचे एक प्रवेशद्वार ते उघडे ठेवीत. पुढे २७ नोव्हेंबर २०१६ रोजी जर्मनीत याच दारावर निराळ्या दोषाच्या शोधात हल्ला झाला. तिथले राउटर चोरांच्या हाती लागले नाहीत, पण त्या माऱ्याने गुदमरून बंद पडले. डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा खोळंबली, कित्येकांचे टेलिफोनही. कंपनीने नवे फर्मवेअर काढले आणि राउटर थोडा वेळ बंद करून पुन्हा लावा, म्हणजे ते आपोआप येईल, असे लोकांना कळवले. हे मात्र चांगले केले म्हणायचे.

पासवर्ड कठीण ठेवावा हे खरेच, पण या दोषापुढे त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा घरी गेल्यावर राउटर उलटा करा. खालच्या चिठ्ठीवर त्याचे मॉडेल लिहिलेले असते. ते उतरवून घ्या आणि ज्यांनी तो बसवला त्यांना विचारा : याचे फर्मवेअर शेवटचे कधी बदलले? बाहेरून चालवण्याची सोय बंद करता येईल का? नवे फर्मवेअर येणे थांबले असेल, तर डबी बदलून मागा. "चालतो आहे ना, मग कशाला?" असे उत्तर येईल, त्यावर गप्प बसू नका.

ज्यांना एकटीने फोन करायला संकोच वाटतो, त्यांनी येत्या शनिवारी मॉडेलचा क्रमांक कागदावर लिहून आणावा. चहानंतर इथेच बसून आपण एकेक फोन लावू.