धुळीचा हिशोब
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शिकलेले वक्ते नाही. नववीत शाळा सुटली आणि पुढचं शिक्षण वाचनालयात नि युनियनच्या कचेरीत झालं. चुकलं तर पदरात घ्या. पण आज एका अशा विद्येबद्दल बोलायचं आहे, जी आपल्या मुलांनी शिकावी अशी आमची कळकळ आहे. तिचं नाव औद्योगिक आरोग्यशास्त्र.

आमचे वडील कार्डिंग खात्यात होते. रविवारी सुट्टीला ते बरे असायचे. सोमवारी पाळी भरली की छाती आवळायची, खोकल्याची उबळ यायची. बुधवार-गुरुवारपर्यंत जरा उतार पडे. पुढे पुढे तो उतारही पडेना. दवाखान्यात कोणी दमा म्हटलं, कोणी क्षयाची औषधं दिली. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात एकच शब्द होता : नोकरी. कसली नोकरी, कोणतं खातं, किती वर्षं, हे कोणी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही, कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. १९८२ च्या संपानंतर ते घरीच बसले आणि धापा टाकतच गेले. भरपाई एक पैसा मिळाली नाही.

वडील गेल्यावर कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूणच आहे. इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्यांत डॉ. शिलिंग यांनी १९५० च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. आपल्या भरपाईच्या कायद्यातही हा रोग लिहिलेला होता. म्हणजे कायदा होता, रोग होता, रोगी होता. या तिघांना जोडणारा माणूस नव्हता.

आता जरा मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात पगार जास्त, पण ते आपल्या लोकांना बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा धागा इतरांना विटाळ वाटे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पगाराचा अन्याय आपण सर्व जाणतोच. छातीचा अन्याय मात्र कोणी मोजला नाही. अमेरिकेने १९७८ साली कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली. घनमीटर हवेत सूतकताईच्या खात्यांत २०० मायक्रोग्रॅम आणि विणाईत ७५०. इतका फरक का? कापूस फोडताना, पिंजताना निघणाऱ्या धुळीत बोंडाच्या पानांचा चुरा नि जंतूंचं विष जास्त असतं. विणाईपर्यंत ते बरंच निघून जातं. आपल्या लोकांना विणाईच्या दाराबाहेर ठेवलं आणि तिथली धूळच अधिक घातक होती!

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडलं. सहा तास काम कमी, म्हणजे सहा तासांची धूळही छातीत कमी. त्यांनी तास मोजले. धूळ मोजायचं काम आपल्या मुलांनी करायचं आहे.

ही विद्या शिकलेला माणूस करतो तरी काय? धोका आधीच ओळखतो, मोजतो आणि आटोक्यात आणतो. कामगाराच्या कॉलरपाशी फिल्टर नि कमरेला छोटा पंप लावून पाळीभर हवा ओढायची, मग फिल्टरचं वजन करायचं. उपायांचाही क्रम ठरलेला असतो. आधी घातक वस्तूच काढून टाका. नाही जमलं तर बदला. तेही नाही जमलं तर यंत्रापाशीच धूळ ओढून घ्या. तोंडाला फडकं किंवा मास्क हा सगळ्यात शेवटचा उपाय. आम्हाला मात्र तोच पहिला आणि तोच शेवटचा मिळाला. कारण शोधल्याशिवाय दुःख जात नाही, हे या विहारात वेगळं सांगायला नको.

शिकायचं कुठे? रसायन किंवा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्याला या विषयात एम.एस्सी. करता येते. एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. आपली पोरं कॉम्प्युटर शिकतात, बँकेच्या परीक्षा देतात, चांगलंच आहे. पण दहातल्या एकाने तरी इकडे वळावं.

आमच्या गिरणीचं धुराडं आता थंड आहे, पण धूळ संपलेली नाही. वस्तीतली पोरं कंत्राटी सफाईत आहेत, दगड कापतात, गटारात उतरतात. गटारातला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण तो वाढला की नाकच मरतं. वास गेला म्हणून धोका टळला असं समजू नका, बाहेर या. आणि आतल्याला काढायला तसंच उडी मारून जाऊ नका.

तोवर प्रत्येक घराने एक करावं. दवाखान्यात गेलात की केसपेपरवर काम, खातं नि वर्षं लिहायला लावा. हजेरीकार्ड, पगारपत्रक, एक्सरे जपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण हक्क मागायला पुरावा लागतो.

आमच्या वडिलांच्या केसपेपरवर एक शब्द होता. तुमच्या मुलांच्या केसपेपरवर पूर्ण ओळ असू द्या, आणि ती वाचणारा डॉक्टर आपल्याच वस्तीतला असू द्या. एवढं बोलून आम्ही थांबतो.

जयभीम!