सुरक्षा आणि सुरक्षितता



कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरक्षिततेची मानके शासन आणि उद्योग यांनी मिळून कशी ठरवावीत, हा विषय मराठीच्या प्राध्यापकाकडे का सोपविला, असे काहींना वाटले असेल. परंतु या यंत्रांचे अन्नच भाषा आहे, आणि त्यांच्याविषयीचा वादही बराचसा शब्दांचा आहे.

मुरारच्या मराठी माणसाच्या कानांवर दिवसभर हिंदी पडत असते, म्हणून एक भेद त्याला चटकन जाणवतो. हिंदीत रेल्वेने 'संरक्षा' हा निराळा शब्द योजला खरा. पण बोलण्यात सारे 'सुरक्षा'च असते. मराठीत छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी देतो ती सुरक्षा आणि स्वयंपाकघरातल्या गॅसपाशी हवी ती सुरक्षितता. पहिलीत भय बाहेरच्या शत्रूचे असते. दुसरीत आपण घरात आणलेली वस्तूच आपला घात करणार नाही ना, हा प्रश्न असतो.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. ब्रिटनने २०२३ साली या यंत्रांच्या परीक्षणासाठी काढलेल्या संस्थेच्या नावात 'सुरक्षितता' होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे 'सुरक्षा' आली. अमेरिकेच्या तशाच संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआय आणि अँथ्रोपिक या कंपन्यांशी, त्यांच्या प्रणाली बाजारात येण्यापूर्वी तपासण्याचे करार केले. पण जून २०२५ मध्ये तिच्याही नावातून 'सुरक्षितता' गेली आणि 'मानके व नवोन्मेष' आले. नाव बदलले म्हणजे काम थांबले असे नव्हे; परंतु भर कुठे सरकतो आहे, ते कळते. भारताने जानेवारी २०२५ मध्ये स्वतःच्या संस्थेची घोषणा केली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तूर्त नवा कायदा न करता प्रचलित कायदे आणि उद्योगांची स्वेच्छा यांवर भिस्त ठेवली.

स्वेच्छेने कुठवर भागते? पुण्याचे उदाहरण घ्या. तिथली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जिच्यावरून तिथल्या टेकडीलाही लोक 'एआरएआय' म्हणतात, १९६६ साली मोटारउद्योगाने केंद्र शासनाच्या सहकार्याने उभी केली. ज्यांच्या गाड्या तपासायच्या तेच संस्थेचे सभासद! तरीही हा संसार टिकला, कारण मागे कायदा आला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मान्य संस्थेने नमुना तपासून प्रमाणपत्र दिल्यावाचून नव्या बनावटीची गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही. मैत्री असावी, पण किल्ली शासनाकडे असावी, असे मला यावरून वाटते.

नुसती किल्लीही पुरत नाही, हे आपल्या प्रांताला कोणी सांगायला नको. भोपाळच्या कारखान्याजवळ परवाने होते, यंत्रणाही होती. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्यातले शीतकरण बंद होते आणि वायू जाळणारा मनोरा जोडणीतून तोडलेला होता. भिंतीपलीकडच्या वस्तीला आत काय साठविले आहे, हेही ठाऊक नव्हते. पुढे १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांप्रमाणेच आसपासच्या रहिवाशांनाही देणे बंधनकारक झाले. शासन आणि उद्योग यांच्या करारात या तिसऱ्याला जागा मिळायला हजारो माणसे मरावी लागली.

या नव्या कारखान्याच्या भिंतीलगत राहणारे कोण? आपणच, जे मराठीत प्रश्न विचारतात ते. काही देशांच्या परीक्षणसंस्थांनी २०२५ मध्ये एक संयुक्त चाचणी प्रसिद्ध केली. तीत दहा भाषा होत्या आणि इंग्रजीबाहेर यंत्राचा संयम काहीसा सैल पडतो, असे दिसून आले. त्या दहांत भारतातली, इंग्रजी सोडता, एकच भाषा होती: तेलुगू. तिचे अभिनंदन करावे आणि आपल्या आठ कोटींनी आपले काय ते पाहावे.

सरकार मराठीची चाचणी घेईल तेव्हा घेईल. तोवर या ग्रंथालयाने शंभर प्रश्नांची एक वही करावी. विंचू चावला तर काय, रक्तदाबाची गोळी चुकली तर काय, कर्जाच्या कागदावर सही करावी का. आणि हे सारे कोशाच्या नव्हे, आपल्या ग्वाल्हेरी मराठीत, हिंदीची मिसळ तशीच ठेवून. यंत्राची उत्तरे सभासदांपैकी डॉक्टरांनी आणि वकिलांनी तपासावीत. माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९९७ पासून आपल्याच शहरात आहे. वहीची एक प्रत तिथे द्यावी, दुसरी दिल्लीस धाडावी. पहिले दहा प्रश्न मी लिहून आणले आहेत. सभेनंतर ते ग्रंथपालांकडे देतो.