‘समजलं का?’ – ‘हो!’
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नोकरीत शिकलेली एकच गोष्ट सांगा आणि पाच मिनिटांत खाली बसा, असा संयोजकांचा हुकूम आहे. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, त्यामुळे वेळ पाळीन. गाड्यांचं मात्र विचारू नका!

माझं निम्मं काम फोनवर बोलण्याचं. पलीकडे फाटकावरचा गेटमन. गाडी यायची असली की त्याला सांगायचं, फाटक बंद कर. त्याने ‘हो साहेब, केलं’ म्हटलं की काम झालं, असं रेल्वे मानत नाही. त्याच्याकडे दोन आकडी नंबरांचा छापील तक्ता असतो, उलटसुलट क्रमाचा. फाटक बंद केल्यावर त्याने त्यातला पुढचा नंबर मला सांगायचा आणि तक्त्यावर खोडायचा. मी तो वेळेसकट रजिस्टरात लिहायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो मिळाल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही. नुसतं ‘एकोणसाठ’ म्हणून भागत नाही, कारण फोनच्या खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच वाटतात. म्हणून ‘पाच, नऊ, एकोणसाठ’ असं सांगायचं.

नव्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटतो. पण ‘हो’ सवयीने तोंडातून निघतं, नंबर तसा निघत नाही. त्यासाठी तक्ता पाहावा लागतो. आणि फाटकाशी कधी शाळेची रिक्षा उभी असते, कधी उसाची बैलगाडी.

नीट न बोलण्याची किंमत किती असते, याचं एक उदाहरण सांगतो. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आव्हियान्का कंपनीचं विमान खराब हवेमुळे तासाभराहून जास्त वेळ आकाशात घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं होतं. आणीबाणी आहे असं कळव, असं कॅप्टनने सहवैमानिकाला सांगितलं. सहवैमानिकाने कळवलं ते एवढंच, की आमचं इंधन संपत आलंय. ‘आणीबाणी’ हा शब्द त्याने उच्चारलाच नाही. कॅप्टनने विचारलं तेव्हा मात्र ‘सांगितलं’ म्हणाला. नियंत्रकाला घाई कळली नाही. विमान कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, की पलीकडच्याला कळलंय.

आपल्या कचेऱ्यांत विमानं कोसळत नाहीत, पण चुकीचं औषध दिलं जातं, चुकीच्या मापाचा माल निघतो, एखाद्या विधवेची पेन्शन चार महिने अडकते. कारण बहुतेक वेळा हेच असतं. आपल्याकडे तर ‘बघतो’ नावाचा एक शब्दच आहे. सांगणाऱ्याला तो होकार वाटतो, म्हणणाऱ्याने मात्र काहीच कबूल केलेलं नसतं. ‘लवकर’, ‘जमेल तसं’, ‘दोन-चार दिवसांत’ ही त्याचीच भावंडं.

म्हणून मी स्वतःपुरते तीन नियम केले. पहिला, काम सांगताना कोणी, काय आणि किती वाजेपर्यंत, हे तिन्ही सांगायचं. दुसरा, वाईट बातमी आधी सांगायची आणि तिच्या खऱ्या नावाने सांगायची. साहेबांना बरं वाटावं म्हणून ती मऊ करायची नाही. तिसरा, ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही. ‘काय करणार आहेस ते सांग’ म्हणायचं. मात्र समोरच्याची परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘माझं सांगायचं काही राहिलं का, ते बघतोय’ असं म्हटलं की त्याला अपमान वाटत नाही.

हा तिसरा नियम काही रेल्वेचा नाही बरं का. तो इथे बसलेल्या गुरुजनांचा आहे. ‘समजलं का?’ असं विचारलं की आम्ही सगळे एका सुरात ‘हो!’ म्हणायचो. त्या ‘हो’वर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नाही. लगेच कोणाला तरी फळ्यापाशी बोलावून तेच गणित सोडवायला लावायचे. तेव्हा आम्हाला ती शिक्षा वाटे. ते खडू हातात देत होते, ते आमच्या ‘हो’पेक्षा आमची काळजी जास्त होती म्हणून.

आज आपल्यातले बरेच जण कोणाचे तरी साहेब आहेत, आई-वडील आहेत. समोरचा पटकन ‘हो’ म्हणाला, तर जरा थांबा आणि त्याचा नंबर मागा.