पंख्याची कुरकुर

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातवी झाल्यावर मी कांड्या भरायला बसले, ती लग्न होईपर्यंत. त्यामुळे चिटणीसबाई जेव्हा म्हणाल्या, "तुमच्या घरच्या लॅपटॉपची हकीकत सांगा," तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. पण त्या म्हणाल्या, "मागे तुम्ही लोणच्याला बुरशी का येते ते सांगितलेत ना? तसेच हे सांगायचे." आता लोणच्याइतके हे सोपे नाही. तरी माझ्या घरात जे घडले तेवढेच मी सांगणार आहे. कुठे चुकले तर कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी सावरून घ्यावे.

आपले गाव आवाजाचे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्यापैकी पुष्कळजणी मागाच्या खडखडाटातच पाळण्यात झोपल्या. पाहुणे आले की कानावर हात ठेवतात, आणि आपल्याला मात्र वीज गेली, माग थांबले, की जाग येते! माझे वडील जॉबर होते. ओट्यावर चहा पीत बसलेले असत आणि मध्येच म्हणत, "तिसऱ्या मागाचा ठोका बदलला." जाऊन पाहावे तो खरोखरच काहीतरी सैल झालेले असे. ते आम्हांला सांगत, "पोरींनो, यंत्र खोटे बोलत नाही. ते कुरकुरले की आधी त्याचा कचरा काढायचा, मग पान्याला हात लावायचा." हे वाक्य मला पाठ होते. पण वेळेवर आठवले नाही, म्हणून तर ही सगळी कथा.

माझी थोरली मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या मामाने आपला वापरलेला लॅपटॉप तिला दिला होता. आमच्या दोन खोल्या आणि त्याला लागून मागाचा कारखाना. टेबल ठेवायला जागा नाही. तेव्हा ती रात्री अंथरुणावर बसायची आणि लॅपटॉप समोर गोधडीवर ठेवायची. मीच तिला घडी घालून द्यायची, हो! म्हटले, पोरीला मऊ बसेल आणि लॅपटॉपलाही धक्का लागायचा नाही. माझ्या मायेनेच घात केला, हे पुढे कळले.

दिवाळीनंतर त्याच्या पोटातून आवाज येऊ लागला. पहिल्यांदा नुसता वाऱ्याचा, कुकरची शिटी व्हायच्या आधी जसा फुसफुस आवाज येतो तसा. पुढे सकाळी चालू केल्याबरोबर घर्रघर्र, आणि पाच-दहा मिनिटांनी थांबे. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला पडसे झालेय." आम्ही सगळे हसलो आणि सोडून दिले.

परीक्षा जवळ आली तसा आवाज वाढला. रात्री धाकट्याची झोप मोडू लागली. तेव्हा शेजारचा मुलगा मदतीला आला. तो आज इथे खुर्च्या मांडतो आहे, त्याने राग मानू नये. लॅपटॉपात पंख्याचा वेग कमीजास्त करण्याची सोय करता येते. तशी करून त्याने पंखा हळू फिरेल असे केले. आवाज एकदम बंद! आम्ही त्याला चहा-पोहे दिले. तीन दिवस घरात शांतता होती. फक्त लॅपटॉप गोगलगाईसारखा चालू लागला होता, पण त्याचा आणि याचा संबंध आम्हांला कुणालाच लागला नाही.

चौथ्या दिवशी रात्री अकरा वाजता तो आपोआप बंद पडला. तिने संध्याकाळपासून लिहिलेला प्रकल्प जपून ठेवायचा राहिला होता, तो सगळा गेला. प्रकल्प द्यायला नऊ दिवस उरले होते. पोर उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मायलेकी एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने लॅपटॉप चालू केला, दोन मिनिटांनी बंद केला आणि न उघडताच सांगितले, "बोर्ड गेलाय. सोळा हजार लागतील." मी काही बोलले नाही. मनात आले, मला काय कळते यातले? सातवी शिकलेल्या बाईने काय विचारायचे? माझ्याजवळ भिशीचे अठरा हजार होते, पण ते सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी बाजूला काढलेले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझे डोळे काय, आणखी एक वर्ष थांबतील. पोरीचे वर्ष थांबायचे नाही." भगिनींनो, त्या वेळी त्या तांदूळ निवडत होत्या आणि खड्यांबरोबर तांदूळही बाजूला टाकत होत्या. ते पाहून मला अन्न गोड लागले नाही.

रात्री सगळे निजल्यावर मी लॅपटॉप चालू केला आणि त्याला कान लावला. पंखा कण्हत होता. जिथून गरम वारा बाहेर येतो त्या जाळीपाशी तळवा धरला, तर वारा जवळजवळ नाहीच. खालून हात लावला तो चटका बसला. मग त्याला उलटा केला, आणि खालच्या जाळीत पांढरे काय दिसावे? सुताची तूस! आपल्या गावात ती कुठे नसते? देवघरातल्या फोटोंवर असते, पापडांवर बसते. तेव्हा मला वडील आठवले. आधी कचरा काढायचा, मग पान्याला हात लावायचा.

सकाळी यांना सांगितले. आमचे हे म्हणाले, "आपल्या कारखान्यातल्या एकाचा मुलगा घरीच दुरुस्ती करतो. त्याच्याकडे जाऊ, पण आपल्यासमोर उघडायला सांगू." त्या मुलाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, "बसा काकू, दाखवतो." त्याने आधी चार्जर काढला, मागचे झाकण उघडून बॅटरीची तार सोडवली. स्क्रू कमीजास्त लांबीचे असतात, म्हणून ज्या जागेचा स्क्रू त्याच जागेवर येईल असे कागदावर मांडून ठेवले.

आत मी जे पाहिले ते सांगते. एक लहानशी चिप असते, तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तिथे होते, म्हणून तीच सर्वांत जास्त तापते. तिच्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. ती नळी उष्णता कडेपर्यंत नेते. कडेला कंगव्याच्या दातांसारख्या धातूच्या पातळ पट्ट्या असतात, आणि पंखा खालून गार हवा ओढून त्या पट्ट्यांमधून बाहेर फुंकतो. आमच्या लॅपटॉपात पंखा आणि त्या पट्ट्या यांच्यामध्ये तुसेचा घट्ट थर बसला होता. चिमट्याने ओढला तर पट्टीसारखा सलग निघाला. निरांजनाच्या दोन वाती सहज वळल्या असत्या!

म्हणजे झाले होते ते असे. धुराड्यात काजळी कोंडली की चूल कितीही फुंका, धूर घरातच फिरतो. तसा बिचारा पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण वाट बंद. त्यात खाली मऊ गोधडी, म्हणजे हवा आत यायची वाटही बंद. आणि त्याच वेळी आम्ही त्याला हळू फिर असे सांगितले! चिप फार तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी आधी काम हळू करते. तरीही ताप शंभर अंशांच्या आसपास गेला की यंत्र आपण होऊन बंद पडते. बोर्ड गेलेला नव्हता. लॅपटॉप आम्हांला सांगून सांगून थकला होता.

त्या मुलाने मऊ ब्रशाने आणि हलक्या वाऱ्याने सगळे साफ केले. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण तो वाऱ्याने भलत्या वेगाने फिरला तर बिघडतो. चिपेवरचा जुना वाळलेला लेप पुसून नवा लावला. फुसफुस गेली, पण घर्रघर्र थोडी राहिलीच. मी म्हटले, "शिवणाच्या मशीनचे तेल घालू का दोन थेंब? नाहीतर खोबरेल?" तो हसला. म्हणाला, "काकू, खोबरेल थंडीत थिजते, ते तर मुळीच नको. दुसऱ्या तेलाने चार दिवस बरे वाटेल, पण ते उडून धूळ आणखी चिकटेल. याचे बेअरिंग झिजले आहे. पंखाच बदलावा." त्याच बनावटीचा पंखा मागवला, तो पाचव्या दिवशी आला. सगळे मिळून सतराशे रुपये झाले. मधले पाच दिवस पोरीने लॅपटॉप पाटावर ठेवून, समोर टेबलफॅन लावून, फक्त लिहिण्यापुरता वापरला आणि दर दहा मिनिटांनी लिहिलेले जपून ठेवले.

आता यातून मी काय शिकले ते थोडक्यात सांगते, कारण आज घरोघर मुलांचे लॅपटॉप आहेत.

आवाज ओळखायला शिका. नुसता वाऱ्याचा मोठा आवाज असेल तर बहुधा काम जास्त आहे किंवा वाट तुंबली आहे. एकाच वेळी बरेच काही उघडले असेल तर ते बंद करून पाहावे. टकटक येत असेल तर पात्याला काहीतरी लागत असते. सुरुवातीला घर्रघर्र आणि मग शांत, असे रोज होऊ लागले तर बेअरिंग झिजत आले असे समजावे. आणि यंत्र तापले आहे पण आवाज अजिबात नाही, वाराही नाही, तर ते सर्वांत वाईट. तेव्हा लगेच बंद करावे.

लॅपटॉप गादीवर, उशीवर, गोधडीवर ठेवू नये. पाट, फळी, मोठे ताट काहीही चालेल, पण खाली कडक हवे. चालू असताना त्यावर रुमाल झाकू नये. ओल्या फडक्याने जाळी पुसू नये. आपल्या गावात तरी वर्षातून एकदा आतून साफ करून घ्यावा. दुरुस्तीला देण्यापूर्वी मुलांच्या कामाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवावी. खालचे झाकण फुगलेले दिसले तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिथे आपण हात घालू नये, दाबू नये, जाणत्याकडे न्यावे. आणि कुणी मोठा आकडा सांगितला, तर "उघडून दाखवा" एवढे दोन शब्द म्हणायला शिकावे. त्याला शिक्षण लागत नाही.

मला सगळ्यात जास्त लागले ते वेगळेच. पंखा कुरकुरत होता तेव्हा आम्ही त्याला काय होते ते विचारले नाही, त्याचे तोंड बंद केले आणि घरात शांतता झाली म्हणून पोहे खाल्ले. तसेच त्या दुकानात मी माझे स्वतःचे तोंड बंद केले. माझा कान तर जॉबरचा होता! पण मी सातवी शिकलेली, एवढेच धरून बसले. घरातले माणूस कुरकुर करू लागले तरी आपण असेच करतो ना? "पुरे आता," म्हणून मोकळ्या होतो. निदान एकदा हात लावून पाहावे, कुठे तापले आहे ते.

असो. प्रकल्प वेळेवर दिला गेला. सासूबाईंचा मोतीबिंदू पुढच्याच महिन्यात निघाला. आता त्यांना सगळे लख्ख दिसते, आणि आमचीच पंचाईत झाली आहे. नातीने लॅपटॉप काढला रे काढला, की पलीकडच्या खोलीतून आवाज येतो, "पाट घेतलास का गं?"