निवडक गाणी आणि झील धरणारी

भाकरी थापून झाल्या असतील, जनावरांना वैरण टाकून झाली असेल. नसेल झाली तर हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज गाण्यांबद्दल बोलायचं आहे. पण आधी घरचीच गोष्ट सांगते. आमच्या बचत गटाला यंदा दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत आमच्या बायकांनी रेडिओसाठी पुष्कळ गाणी म्हटली. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, पाळणे, भलरी. तेव्हा ठरलं, की त्यातली निवडक बारा गाणी पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि प्रत्येकीला एकेक द्यायचा. आम्ही चारजणी बसलो, यादी केली, मीटिंगमध्ये वाचून दाखवली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "यात माझं एकही नाही का गं?"

खरंच नव्हतं. मावशी कधी पुढं होऊन गात नाहीत. त्या झील धरतात. दहा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक गाण्यामागं त्यांचा आवाज आहे, पण 'हे मावशींचं' म्हणावं असं गाणं एकही नाही. पुढच्या मीटिंगला मावशी आल्या नाहीत.

यादी करणाऱ्या चौघींत मी होते. मला ते लागून राहिलं. त्याच दिवसांत माझ्या भाचीनं एका परदेशी बँडची गोष्ट सांगितली. बारा गाण्यांचा आमचा घोळ ऐकून ती म्हणाली, "मावशी, हे तर क्वीनचंही झालं होतं." मी तिला खोदून खोदून विचारलं. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

क्वीन म्हणजे राणी. नाव राणीचं, पण बँडमध्ये चारही पुरुष. रॉक बँड म्हणजे काय, तर गिटार, ड्रम अशी वाद्यं मोठ्या आवाजात वाजवून गाणारी मंडळी. आपल्याकडं बँजो पार्टी असते ना, तसा ताफा समजा. ही मंडळी लंडनची. पण त्यांचा मुख्य गायक आपल्या पाचगणीत शिकलेला! त्याचं खरं नाव फारुख बलसारा. घराणं पारशी. जन्म 1946 चा, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. आईवडिलांनी त्याला लहानपणीच शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तिथं तो पियानो शिकला, शाळासोबत्यांबरोबर त्यानं एक छोटा बँडही काढला. फ्रेडी हे नावही त्याला शाळेतच पडलं. पुढं घरचे सगळे इंग्लंडला गेले आणि हा फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला.

बाकीचे तिघं ऐका. ब्रायन मे गिटार वाजवतो. त्याची गिटार विकतची नाही. लहान वयात वडिलांबरोबर घरीच बनवलेली. शेकोटीभोवतीच्या जुन्या चौकटीचं लाकूड त्यासाठी वापरलं, आणि सूर कुठं धरायचे त्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं लावली. दुसरा जॉन डीकन. तो बेस गिटार, म्हणजे खालचा जाड सूर सांभाळायचा. अगदी अबोल माणूस. आणि तिसरा रॉजर टेलर, ड्रम वाजवणारा. या रॉजरकडं लक्ष ठेवा. आपल्या गोष्टीतल्या मावशी त्याच आहेत.

बँड सुरू झाला 1970 मध्ये. दहा-अकरा वर्षांत त्यांची पुष्कळ गाणी गाजली, आणि 1981 मध्ये ठरलं, की निवडक गाण्यांची एकच तबकडी काढायची. नाव ठेवलं 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे सगळ्यात गाजलेली गाणी.

तुम्हाला वाटेल, यात काय अवघड? गाणी तर तयारच आहेत. पण तयार धान्यातून बियाणं निवडतानाच जास्त वेळ लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिला प्रश्न जागेचा. जुन्या लोकांना आठवत असेल, जत्रेत, लग्नात भोंग्यावर काळ्या तबकड्या वाजायच्या. त्या तबकडीवर बारीक चर असते, मध्याकडं गोल गोल जाणारी. वावरातल्या सरीसारखी. एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटांची गाणी नीट बसतात. त्याहून जास्त घालायची तर सऱ्या अरुंद आणि जवळजवळ घ्याव्या लागतात, आणि मग आवाज बारीक होतो. क्वीनच्या या तबकडीवर सतरा गाणी बसवली. मिळून जवळपास 58 मिनिटं! म्हणजे वावर पुरं भरलं होतं. आणखी एक गाणं घ्यायचं तर एक काढावं लागलं असतं.

दुसरा प्रश्न, निवडायची कशी? आवडीनं निवडायला गेलं तर चौघांत चार मतं. तेव्हा इंग्लंडमध्ये गाणी आधी छोट्या तबकडीवर विकायला यायची. पुढच्या बाजूला एक गाणं, मागच्या बाजूला एक. कुठली तबकडी किती खपली, याची यादी दर आठवड्याला लागायची. 'ग्रेटेस्ट हिट्स'मधली सगळी गाणी अशा छोट्या तबकड्यांवर येऊन त्या यादीत पहिल्या विसात पोचलेली आहेत. बँडची अगदी पहिली छोटी तबकडी 1973 ची. ती यादीत आलीच नव्हती. ते पहिलंवहिलं गाणं या निवडीत नाही. मान पहिलेपणाला नव्हता, खपाला होता.

दुसऱ्या देशांत लोकांनी वेगळी गाणी उचलून धरली होती, म्हणून तिथली यादी वेगळी निघाली. डेव्हिड बोवी या गायकाबरोबर केलेलं एक नवं गाणं अमेरिकेतल्या तबकडीवर होतं, इंग्लंडमधल्या तबकडीवर नव्हतं. म्हणजे 'सगळ्यात चांगलं' हे कुठं आभाळात लिहिलेलं नसतं. निवडणारा कुठल्या मापानं मोजतो, त्यावर ते ठरतं.

तिसरा प्रश्न क्रमाचा. ही गाणी सनावळीप्रमाणं लावलेली नाहीत. सुरुवात केली 1975 च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'नं. हे सहा मिनिटांना पाच सेकंद कमी एवढं लांब गाणं. एवढं लांब गाणं चालणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. आणि यादीतलं सगळ्यात जुनं, 1974 मध्ये गाजलेलं गाणं बसवलं पंधराव्या जागी. शेवटची दोन गाणी अशी, की हजारो लोक मिळून म्हणतील. त्यातल्या पहिल्याचा ठेका तर ड्रमवर नाहीच. पायांवर आणि टाळीवर आहे. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी. आत्ता घरात करून बघा. धप, धप, टाळी. झिम्मा खेळणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही.

तर अशी यादी तयार झाली. 26 ऑक्टोबर 1981 ला तबकडी बाजारात आली. वर चौघांचा फोटो. आता आपण जरा हिशेब करू. कुणी लिहिलेली किती गाणी आत आली? फ्रेडीची दहा. ब्रायनची पाच. अबोल जॉनची दोन, त्यातलं एक तर त्यानं बायकोसाठी लिहिलेलं. झाली किती? सतरा.

आणि रॉजरची? एकही नाही.

हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. रेकॉर्डच्या धंद्यात वाजवण्या-गाण्याचे पैसे वेगळे आणि गाणं लिहिणाऱ्याचे वेगळे. जितक्या तबकड्या खपतील तितके लिहिणाऱ्याला मिळत राहतात, वर्षानुवर्षं. 'ग्रेटेस्ट हिट्स' इंग्लंडमध्ये आजवर सगळ्यात जास्त खपलेली तबकडी आहे. 2022 मध्ये तिनं 70 लाखांचा आकडा ओलांडला. त्यातल्या एकाही गाण्याचा लेखक म्हणून रॉजरचं नाव नाही.

आता कुणी म्हणेल, नसतील त्याची गाणी गाजली, त्याला कोण काय करणार? नियम सगळ्यांना सारखाच होता. बरोबर आहे. यादी करणाऱ्यांनी लबाडी केली नव्हती. आम्हीही केली नव्हती. पण ते पहिलं गाणं ऐका, 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी'. त्याच्या मधल्या भागात शंभर माणसं गातायत असं वाटतं. गाणारे होते तिघंच. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तेच तेच पुन्हा पुन्हा गाऊन एका आवाजावर दुसरा आवाज चढवत नेला. तेवढ्या एका तुकड्याला सुमारे तीन आठवडे लागले. त्यातला सगळ्यात उंच, टिपेचा आवाज आहे तो ड्रमवाल्या रॉजरचा. तो काढून टाका आणि गाणं ऐका. छप्पर उडालेल्या घरासारखं होईल. पण लिहिणाऱ्याच्या रकान्यात झील धरणाऱ्याला जागा नसते.

गंमत म्हणजे या पैशांवरून आधी उलटं भांडण झालं होतं. याच गाण्याच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला रॉजरचं एक गाणं होतं. लोक तबकडी घ्यायचे पुढच्या गाण्यासाठी, पण मागच्या गाण्याच्या लेखकालाही तेवढेच पैसे मिळायचे. मग बाकीच्यांच्या मनात अढी. तेव्हा मागची बाजू त्याला फळली, निवडक तबकडीत तीच बाजू गळली. प्रश्न तोच राहिला. गाणं चौघांनी मिळून उभं करायचं आणि नाव एकाचं लावायचं, तर कुणाचं गाणं पुढं आणायचं यावर भांडण होणारच. कारण आपलं गाणं पुढं गेलं तरच आपलं नाव, आपला पैसा.

मग त्यांनी काय केलं? वेळ लागला, पण केलं. 1989 मध्ये नवी तबकडी काढताना चौघांनी ठरवलं, की यापुढं गाणं कुणालाही सुचो, नाव चौघांचं, 'क्वीन'चं लागेल. वाटा सारखा. मग कुठलं गाणं घ्यायचं हे ठरवताना 'माझं का तुझं' राहत नाही. 'चांगलं का नाही' एवढंच उरतं.

रॉजरचंही ऐका. पुढं 1991 च्या ऑक्टोबरमध्ये निवडक गाण्यांची दुसरी तबकडी आली. तिच्यातलं पहिलंच गाणं रॉजरनं लिहिलेलं. तिसरं गाणंही त्याचंच, आणि ते आहे रेडिओवर! त्याच्या लहानग्या मुलाच्या बोबड्या बोलातून ते सुचलं होतं. ही तबकडी आली आणि महिन्याच्या आत, 24 नोव्हेंबरला, फ्रेडी एड्सच्या आजारानं गेला. वय अवघं 45. कोण पुढं, कोण मागं, हे चौघांनी जिवंतपणीच मिटवून घेतलं होतं, हे किती बरं झालं.

मैत्रिणींनो, भाचीकडून हे ऐकल्यावर आम्ही दोघीजणी मावशींच्या घरी गेलो. बारा गाणी तीच ठेवली, कारण तीच चांगली होती. पण कागद बदलला. आधी गाण्याखाली एकच नाव होतं, पुढं गाणारीचं. आता चार ओळी केल्या. गाणारी कोण, झील कुणाची, गाणं कुणाकडून शिकलं, आणि रेकॉर्डिंगला कोण थांबलं. बारापैकी नऊ गाण्यांखाली मावशींचं नाव आलं. कुणाच्या नावावर एवढी गाणी नव्हती.

मावशींनी कागद नातवाकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाल्या, "मला पुढं गायचं नव्हतं गं. मोजलंत का, एवढंच विचारलं होतं."

तुमच्याही गटात पापड, मसाला, शिवणकाम, कॅन्टीन काही ना काही चालत असेल. प्रदर्शनात फोटो कुणाचा निघतो? पहाटे उठून डाळ भिजवणारीचा निघतो का? पुढच्या मीटिंगमध्ये एक काम करा. तुमच्या गटाचं गेल्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम एका कागदावर लिहा, आणि त्याखाली ज्या ज्या बायांचे हात लागले त्यांची नावं लिहा. कुणाचं नाव सगळ्यात जास्त वेळा येतं ते बघा. ती आज मीटिंगला आली आहे का, तेही बघा.

आणि जे सापडेल ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी रेडिओवर वाचून दाखवू. नावासकट.